मदत हवी आहे: पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज कसं मागायचं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या गल्लीत धुणंभांडी करणाऱ्या एका मावशींना चोरीच्या संशयावरून परवा रात्री साडेआठला पोलीस ठाण्यात नेलं. सोबत एकही महिला पोलीस नव्हती. सकाळी परत आल्या तेव्हा मनगटावर फुटलेल्या बांगड्यांचे ओरखडे होते, चहाचा कपही हातात धरवत नव्हता. काय झालं विचारलं की पदर तोंडाला लावून गप्प बसतात.

सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, तीही अपवाद म्हणूनच. बाईची चौकशी महिला पोलिसांसमोरच, हे सुप्रीम कोर्टाने १९८३ सालीच आपल्या महाराष्ट्राच्या खटल्यात सांगितलंय. पण इथे कागदावर अटकच नाही! 'नुसतं विचारायला बोलावलं होतं,' असं पोलीस म्हणतात.

सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे ठाण्यात कॅमेरे हवेतच. मग फुटेज पुसलं जायच्या आत अर्ज कुठे द्यायचा, एसपी ऑफिसला की थेट कोर्टात? सीपीआरमध्ये (सरकारी दवाखान्यात) आजच तपासणी करून घ्यावी का? कसबा बावड्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, त्याचा कुणाला अनुभव आहे? वकील बाईच हवी, पुरुषासमोर मावशी तोंड उघडणार नाहीत.

त्यांना विचारूनच लिहितेय. नाव, पत्ता कृपया विचारू नका.