हायस्कूलमधली करिअर अकादमी: आधी काय ठरवायचं, कुठे अडतं?

एका कामक्षेत्राभोवती बांधलेली, अमेरिकेतल्या हायस्कूलच्या (नववी ते बारावी) आतलीच छोटी शाळा म्हणजे करिअर अकादमी. पहिली १९६९ साली फिलाडेल्फियाच्या एडिसन हायस्कूलमध्ये निघाली, विषय होता विजेची कामं. ज्यांनी अशी अकादमी उभी केली किंवा चालवली, त्यांनी आपापल्या वाट्याचं काम नेमकं लिहावं, असं विचारलं होतं. ही त्यांची उत्तरं.

वेळापत्रक लावणारे

अकादमी टिकते की मोडते ते वेळापत्रकात ठरतं. बाकी सगळं नंतर. एका इयत्तेत ५०-६० मुलं, म्हणजे दोन तुकड्या, आणि त्यांना भाषा, गणित, विज्ञान आणि अकादमीचा विषय शिकवणारे तेच चार शिक्षक. या तासांच्या जागा मुख्य वेळापत्रकात सगळ्यात आधी भरायच्या. उरलेल्या फटीत बसवायला गेलं की तुकडी फुटते.

खरी अडचण येते ती शाळेत एकच तास असलेल्या विषयांची: वाद्यवृंद, प्रगत गणित, तिसरी भाषा. हे तास अकादमीच्या तासांवर पडले की चांगली मुलं निघून जातात आणि रिकाम्या जागांवर बाहेरची मुलं येतात. वर्गात पाचातलं एक मूल बाहेरचं झालं की शिक्षक सामायिक प्रकल्प सोडून देतात, कारण त्या मुलाला दुसऱ्या तासातला अर्धा भाग माहीतच नसतो. म्हणून असे विषय आधी कागदावर लिहून काढा आणि अकादमीचे तास त्यांच्या वेळा टाळून लावा. दोन तास लागून ठेवले तर क्षेत्रभेटीला किंवा प्रयोगाला जोडतास मिळतो.

समन्वयक

तयारीला पूर्ण एक वर्ष हवं. मग एकाच इयत्तेपासून सुरुवात करून दर वर्षी एक इयत्ता वर चढवायची. सगळ्या इयत्ता एकदम उघडल्या तर वरच्या वर्गांतल्या मुलांना पाया नसतो. समन्वयकाचा रोज निदान एक तास मोकळा हवा, आणि चारही शिक्षकांचा एक रिकामा तास एकाच वेळी हवा. हा सामायिक तास मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. शिक्षक कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते.

क्षेत्र रुंद ठेवा. ‘नर्सिंग’पेक्षा ‘आरोग्य’ बरं, ‘वेल्डिंग’पेक्षा ‘बांधकाम आणि रचना’ बरं. चौदाव्या वर्षी निवडलेला रस्ता सोळाव्या वर्षी बदलू शकतो.

गणित शिकवणारी

सामायिक प्रकल्प म्हणजे प्रत्येक विषयात त्याच विषयाचं पोस्टर नव्हे. आरोग्य अकादमीचं एक उदाहरण देते. औषध किलोमागे १५ मिग्रॅ, बाळाचं वजन १६ किलो, म्हणजे २४० मिग्रॅ. सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ, म्हणून १० मिली. हे गणिताच्या तासाला. विज्ञानात जास्त मात्रा यकृताला काय करते ते. भाषेच्या तासाला पालकांसाठी सूचनापत्रक, आणि तिथे खरी मजा आहे: ‘दोन चमचे’ लिहिलं आणि घरात ५ मिलीऐवजी १५ मिलीचा चमचा वापरला तर मात्रा तिप्पट. पत्रक अकादमीबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्यायचं आणि त्याने मोजलेलं पाणी तपासायचं. मूल्यमापन तिथेच होतं. वर्षाला असे दोन प्रकल्प पुरेत.

उद्योगांशी संपर्क ठेवणारे

कंपनीला ‘सहकार्य करा’ म्हणून उपयोग नाही. ‘अमुक तारखेला दोन तास, तीन माणसं, मुलांचे आराखडे तपासायला’ असं मागा. हो किंवा नाही लगेच कळतं. प्रत्येक ठिकाणी दोन संपर्क ठेवा, कारण ओळखीचा माणूस नोकरी बदलतो आणि दार बंद होतं.

क्रम असा: नववीत पाहुण्यांची व्याख्यानं, दहावीत एक दिवस कामावर सावलीसारखं सोबत राहणं, अकरावीत मार्गदर्शक आणि सराव मुलाखती, अकरावी-बारावीच्या मधल्या सुट्टीत इंटर्नशिप, शक्यतो पगारी. अठराखालच्या मुलांना कोणती यंत्रं चालतात, विमा कुणाचा, ने-आण कोण करणार, हे जागा मिळण्याआधीच ठरवा. बहुतेक इंटर्नशिप ने-आणीवरच अडतात.

समुपदेशक

प्रवेश गुणांवर देऊ नका. अर्ज जास्त आले तर सोडत काढा. नाहीतर अकादमी एकतर हुशारांची होते किंवा ‘ज्यांना जमत नाही’ त्यांची, आणि दुसरा शिक्का पुसायला फार वर्षं लागतात. कॉलेजला लागणारे सगळे विषय इथेही असलेच पाहिजेत.

अपेक्षाही खऱ्या सांगा. एमडीआरसी या संस्थेने अमेरिकेतल्या नऊ शाळांमध्ये, सोडतीने निवडलेल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात परीक्षेच्या गुणांत फरक दिसला नाही. मात्र शाळा संपल्यानंतरच्या आठ वर्षांत त्यांची कमाई सोडत न लागलेल्या मुलांपेक्षा सरासरी ११ टक्क्यांनी जास्त होती. पहिल्याच वर्षी निकालाचा तक्ता मागणाऱ्या संचालकांपुढे हे आधी ठेवा.

अकादमीचा विषय शिकवणारा

एकच भर. या विषयाला पात्र असलेले दोन शिक्षक तयार ठेवा. एकटा असला आणि तो गेला, तर प्रयोगशाळा कुलूपबंद राहते.