नावात 'शांतता' असलेली फ्रेंच ठिकाणं: तक्त्यावर काय घ्यावं?

राजारामपुरीकर:
आठवीची मुलं शाळेच्या प्रदर्शनासाठी जगाच्या नकाशाचा तक्ता करताहेत. ज्या ठिकाणांच्या आणि संस्थांच्या फ्रेंच नावात 'शांतता' आहे, तिथं टाचण्या लावायच्यात. सध्या यादीत बोलिव्हियाचं ला पाझ, पॅरिसचं कॅफे द ला पे आणि हेगचा पीस पॅलेस आहे. अजून काय घेता येईल? आणि 'शांतता'चा फ्रेंच शब्द (paix) 'पे' लिहू की 'पैक्स'?

पंचगंगाकाठ:
सर, ला पाझ आधी यादीतून काढा, ते नाव स्पॅनिश आहे. 'पे'च लिहा, शेवटचा एक्स उच्चारत नाहीत.
पॅरिसमध्ये कॅफेबरोबर र्यू द ला पे हा रस्ताही घ्या. १८०६ मध्ये तो नेपोलियनच्या नावानं झाला. १८१४ मध्ये नेपोलियनची सत्ता गेली, राजघराणं परत आलं आणि नाव बदललं. कॅफे १८६२ चं. दोन्ही ठिकाणं इतकी जवळ आहेत की जगाच्या नकाशावर टाचण्या एकमेकींवर बसतील. पॅरिसचा वेगळा छोटा चौकोन कोपऱ्यात काढा.

रंकाळावेस:
हेगची टाचणी नेदरलँड्समध्ये लावायची, फ्रान्समध्ये नाही! तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, म्हणून 'पाले द ला पे' हे नावही चालतं. आराखडा फ्रेंच वास्तुविशारद लुई कॉर्डोनिएचा. अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींनी १५ लाख डॉलर दिले, तरी पैसे पुरवून वापरावे लागले आणि आराखड्यातले मनोरे कमी झाले. उद्घाटन २८ ऑगस्ट १९१३ ला आणि वर्षभरात महायुद्ध. कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल जुलै २०१९ मध्ये इथंच वाचला गेला. तक्त्यासमोर पालक थांबतील ते याच ओळीपाशी.

आफ्रिका रिकामी ठेवू नका. आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रोत 'नोत्र-दाम द ला पे' हे प्रचंड चर्च आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १० सप्टेंबर १९९० ला त्याचं अभिषेक-पूजन केलं. क्रॉससकट उंची १५८ मीटर. 'जगातलं सर्वांत मोठं चर्च' असं मात्र लिहू नका. क्षेत्रफळात काय काय धरायचं यावर वाद आहे.

राजारामपुरीकर:
'ज्यूज द पे' असंही कुठंतरी वाचलं. ती आपल्या तंटामुक्त समितीसारखी संस्था का?

पंचगंगाकाठ:
नाही. समिती समजूत घालून तडजोड घडवते. 'ज्यूज द पे' म्हणजे न्यायाधीश, त्याचा निकाल बंधनकारक. फ्रान्समध्ये हे पद १७९० च्या कायद्यानं आलं, १९५८ मध्ये गेलं. बेल्जियममध्ये ते अजून आहे. घरभाड्याचे वाद त्याच्याकडेच जातात. टाचणी ब्रुसेल्सला लावा.

रंकाळावेस:
हैतीचं पोर-द-पे हे शहर राहिलं. उत्तर किनाऱ्यावर, तोर्त्यू बेटासमोर. मुलं रेखांशात हमखास चुकतात: पॅरिस आणि हेग पूर्वेला, यामुसुक्रो ५ अंश पश्चिम, पोर-द-पे जवळपास ७३ अंश पश्चिम. टाचणी टोचण्याआधी पेन्सिलीनं ठिपके देऊन कुणाला तरी तपासायला सांगा. पुठ्ठ्याला पडलेलं भोक बुजत नाही.