बार्बाडोसला जूनमध्ये आईला घेऊन: पश्चिम किनारा की दक्षिण?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीहून मी, नवरा आणि आई बार्बाडोसला पाच रात्री जातोय. आईची सत्तरी आहे. समुद्रावरच्या देखण्या रिसॉर्टमध्ये राहायची तिची फार इच्छा आहे, त्यामुळे बजेट यावेळी हात राखून ठेवलेलं नाही.

विमानाची तिकिटं झाली. पासपोर्ट भारतीयच, पण तिथला व्हिसा लागत नाही आणि तिघांचेही अमेरिकेचे व्हिसा परतीसाठी चालतील, हे तपासलंय. जूनपासून वादळांचा मोसम सुरू होतो म्हणून विमाही काढलाय. तारखा बदलता येणार नाहीत.

अडलंय ते किनाऱ्यावर. अटलांटिककडची पूर्व बाजू खवळलेली असते, म्हणून ती बाद. पश्चिमेला होलटाउन गावाच्या आसपास पाणी शांत असतं, पण पुळण अरुंद. दक्षिणेला पुळण रुंद, मात्र लाटा जास्त आणि याच दिवसांत सारगॅसम शेवाळ वाहून येतं म्हणतात. आईचे गुडघे दुखतात. तिला धरून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहता आलं, की माझी सहल सार्थकी लागली! दोन रिसॉर्टना मेल केली. दोघांचंही उत्तर ‘किनारा सुंदर आहे’ एवढंच.

आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. ऑल-इनक्लुझिव्ह (राहण्यासोबत सगळं जेवणखाणही धरलेलं) घेऊन ती पाच दिवस सॅलडवर राहायला नको.

जूनमध्ये जाऊन आलेल्यांनी सांगा: होलटाउनकडे भरतीच्या वेळी पुळण उरते का, पायऱ्या न उतरता पाण्यापर्यंत जाता येतं का, आणि जेवण रिसॉर्टचंच घ्यावं की फक्त नाश्ता?