फुकटचं नाक आणि महागडा सेन्सर

शिरोलीचा_फाउंड्रीवाला: काल इथं एकानं लिहिलं, "गॅसात कंपनीच वास घालत्यात, मग सेन्सरवर पैसं कशापायी? कामगाराचं नाक फुकट हाय." डोकं तापलं, म्हणून हा धागा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, इथाइल मरकॅप्टन घालतात. अब्जात एखादा भाग असला तरी नाकाला कळतो, कबूल. पण आमच्या शेल कोअरच्या (रेझिन लावलेल्या वाळूचे गाभे भाजतात त्या) कोपऱ्यात रेझिन जळत असतं, तिथं कुणाचं नाक काय हुंगणार? तासाभरात नाक मरतंच. त्यात नव्या टाकीतला गंज मरकॅप्टन खातो. वास विरतो, गॅस तसाच राहतो. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर मरकॅप्टनचं इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण करून करंट मोजतो. त्याला सर्दी होत नाही.

उद्यमनगर_जुना: पोस्ट माझीच. ३० वर्षं भट्टीवर काढली, मला गॅस शिकवू नको. गंजानं मरकॅप्टन खाल्लं म्हणतोस, मग तुझा सेन्सर हुंगणार काय, गंज?

कागल_मेंटेनन्स: काकांनी बरोब्बर पकडलं! वास विरला की तोही आंधळा. वर हायड्रोजन सल्फाइडलाही भुलतो. खुद्द गॅस पकडायला एलईएलवाला लागतो, म्हणजे हवेतला गॅस पेट घेण्याइतका होत आला का ते मोजणारा सेन्सर, कॅटॅलिटिक बीड नाहीतर इन्फ्रारेड. बीडजवळ सिलिकॉन स्प्रे मारू नका, मरतो. पण खरं दुखणं कॅलिब्रेशनचं आहे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाचा गॅस सोडून सेन्सर बरोबर दाखवतो का ते तपासायचं. आमच्याकडं एक जण आला, चहा प्यायला, वडा खाल्ला, स्टिकर चिकटवून गेला. कॅल गॅसचा सिलेंडर गाडीतून उतरलाच नाही!

गोकुळ_शिरगाव_स्टोअर: आमच्याकडं पण हेच! सेलमधलं आम्ल सुकून गेलेलं, वर हिरवं स्टिकर झकास.

कागल_मेंटेनन्स: आणि बिलावर सही कुणाची? स्टोअरची!

गोकुळ_शिरगाव_स्टोअर: ओ, तोंड सांभाळून. सही मेंटेनन्सचा शेरा बघून होते. तुमचाच माणूस खुर्चीत झोपलेला असतो.

कागल_मेंटेनन्स: रात्रपाळी करून बघा एकदा, मग झोपेचं बोला.

राजारामपुरीची_ताई: भांडा निवांत. आमच्या ह्यांना कोविडनंतर वासच येत नाही. तांबडा रस्सा करपला तरी कळत नाही, आणि ड्युटी गॅस बँकेवर, सिलेंडर एकत्र जोडून ठेवतात तिथं! सुपरवायझर म्हणतो, "नाक आहे की."

उद्यमनगर_जुना: ताई, त्यांना तिथनं हलवा आधी. आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो, तिथं माझंबी नाक काय कामाचं न्हाई. झालं समाधान?

शिरोलीचा_फाउंड्रीवाला: झालं. काका, विरलेल्या वासाचं तुमचं खरं. १९३७ ला टेक्सासमध्ये न्यू लंडनच्या शाळेत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला, शेकडो पोरं-शिक्षक गेले, तेव्हापासून वास घालायची सक्ती आली. तो पुरेसा पडतो का हे मोजायलाच मरकॅप्टनचा सेन्सर, गॅसला एलईएलवाला. दोन्ही पाहिजेत. म्हणजे खर्च डबल, हसा आता.

उद्यमनगर_जुना: हसतोयच. आमच्या मालकानं एक घेतलाय, छताला टांगलाय.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला: छताला?? एलपीजी हवेपेक्षा जड, खाली खड्ड्यात साठतो! फरशीपासून वीतभर वर लावा.

गोकुळ_शिरगाव_स्टोअर: ते लावा कुठंबी. सहीचं अजून मिटलेलं नाही.