प्लॉट कोपऱ्याचा की मधला, लहान की मोठा? भावात किती फरक पडला, अनुभव सांगा

आम्ही नागपूरला हुडकेश्वरकडे घर पाहून राहिलो. दोन पसंत पडली. एक कॉर्नरचं, १५०० फूट, म्हणजे ३० बाय ५०. दुसरं गल्लीत आत, २१०० फूट, पण पैसे जवळजवळ तेवढेच. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, दोन्हींचं आहे. घरी रोज तोच विषय. ज्यांनी घेतलं-विकलं त्यांनी स्वतःचं सांगा, ब्रोकरचं ऐकून झालंय.

मानेवाडा
भाऊ, आमचा कॉर्नर आहे. घेताना फुटामागे जास्त मोजले आणि बांधायला काढलं तेव्हा आर्किटेक्टनं नकाशा पुढे ठेवला, दोन्ही रस्त्यांकडून मार्जिन सोडायचं, कोपरा तिरपा कापायचा, मग हाती राहते ती जागा मधल्या प्लॉटपेक्षा कमी. आईचं देवघर कागदावर तीनदा हललं. पण उजेड-हवा दोन बाजूंनी येते आणि खाली किराण्याचा एक गाळा काढला त्याचं भाडं दर महिन्याला येतं. रस्ता दुकान चालण्यासारखा असेल तर कॉर्नर घ्या, नाहीतर जास्तीचे पैसे कशाला द्यायचे.

खामला
बाबांनी ४००० फूट घेतलं होतं. ते गेल्यावर विकायला काढलं तर शेजारच्या १५०० वाल्यापेक्षा फुटाचा भाव कमी सांगत होते. एवढी रक्कम एकटा देणारा मिळत नाही, दीड हजाराला दहा गिऱ्हाईकं येतात. वरून जुनं घर पाडायचा खर्चही कापतात. दोन तुकडे करू म्हटलं तर रीतसर मंजुरी लागते आणि मागच्या तुकड्याला रस्ता कुठून देणार? वर्ष-दीड वर्ष असंच गेलं, बहिणीशी त्यावरून वाद झाले ते वेगळंच. शेवटी बिल्डरनं घेतलं, तेही समोरचा रस्ता १२ मीटरचा म्हणून. २०२० च्या बांधकाम नियमांत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, नाही आणि प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे भरून मिळणारं वाढीव बांधकाम, तेही नाही. मागच्या गल्लीत तेवढाच प्लॉट आहे, त्यांच्याकडे बिल्डर येऊन परत गेले.

गोधनी
आमच्याकडे कॉर्नर-बिर्नर कोणी विचारत नाही, पहिले आरएल दाखवा म्हणते. आमचं नव्हतं तेव्हा बँकेनं दारातूनच परत पाठवलं.

त्रिमूर्ती नगर
पश्चिममुखी म्हणून आम्हाला स्वस्तात मिळालं, वास्तूवाले लोक दारातूनच परत जायचे. मे महिन्यात दुपारी ३ नंतर समोरची भिंत हात लावू देत नाही, कूलर रात्री उशिरापर्यंत कोमट हवाच फेकतो. आल्या-आल्या कडुलिंब लावला, आता सावली वरच्या मजल्यापर्यंत जाते. घ्यायला काही हरकत नाही, फक्त समोर झाडापुरती जागा पाहिजे.

कॉर्पोरेशन कॉलनी
तुम्ही सगळे लांबी-रुंदी सांगून राहिले, मी उंची सांगते. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि पाणी थेट घरात. आमचा प्लॉट मोठा, पूर्वमुखी, सगळं जवळ. पाणी उतरल्यावर पाह्यलं तर फ्रिज आडवा होऊन पलंगाला टेकलेला, आणि तांदळाच्या डब्यात बोटभर गाळ. थोडं वर चढावर माझ्या नणंदेचं घर आहे, तिच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. आता आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिले 'पाणी कुठवर आलं होतं' विचारतं, बेडरूम किती ते नंतर. आणि सिमेंट रोड झाले तिथं रस्ता वर नि घर खाली, त्यामुळे प्लिंथ, म्हणजे घराचा जोता, रस्त्यापासून किती वर आहे ते पहाच.

हुडकेश्वरवाला (धागा काढणारा)
ताई, तुमचं वाचून काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो. आतल्या गल्लीचा रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत ६ मीटरच भरला, पुढेमागे विकताना खामलाकरांच्या मागच्या गल्लीसारखंच होईल. कॉर्नरच्या घराची प्लिंथ नव्या सिमेंट रोडपेक्षा जेमतेम चार इंच वर. शेजारच्या काकूंनी स्वतःहून कंपाउंडवर बोट ठेवून दाखवलं, पाणी इथवर येते रे पोरा. मालक म्हणाला होता कधीच येत नाही. दोन्ही सोडली. बेसाकडे चढावर एक १८०० फुटांचं मधलं आहे, रविवारी पाहायला चाललो, तिकडचं कोणाला माहीत असेल तर सांगा.