डग्लस आडनाव आणि ढालीवरचं लाल हृदय

प्रश्न: माझे सासरे स्कॉटिश, आडनाव डग्लस. त्यांच्या घरातल्या जुन्या पेटीवर ढाल कोरलेली आहे: वर तीन तारे, खाली मुकुट घातलेलं हृदय. मुलीला याचा अर्थ नीट सांगायचाय. आणि हे चिन्ह तिच्या अंगठीवर कोरून घेतलं तर चालेल का?

उत्तर १: ताई, नाव गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं आहे. 'दुव' म्हणजे काळा, 'ग्लास' म्हणजे ओढा. लॅनार्कशरमधल्या डग्लस गावावरून घराण्याला नाव पडलं. मूळ ढाल फक्त ताऱ्यांची: चांदीच्या ढालीवर वर निळा पट्टा, त्यात तीन चांदीचे तारे. मरे घराण्याचेही निळ्यावर असेच तीन तारे, म्हणून दोघांचं मूळ एक असावं असं पुष्कळांना वाटतं.

हृदय स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याचं. राजा १३२९ मध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे सर जेम्स डग्लस ते हृदय घेऊन निघाले आणि १३३० मध्ये स्पेनमध्ये तेबाच्या लढाईत पडले. हृदय परत आणून मेलरोजच्या मठात पुरलं. मुकुट पुष्कळ नंतरचा. मुलीला सांगताना इथून सुरुवात करा, ती विसरणार नाही.

उत्तर २: अंगठीबद्दल जपून. स्कॉटलंडमध्ये ढाल आडनावाची नसते, एका व्यक्तीची असते. नोंद लॉर्ड लायनच्या, म्हणजे ढालींवरची चिन्हं सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, न्यायालयात होते. नोंदवहीचा कायदा १६७२ चा. दुसऱ्याची ढाल आपली म्हणून वापरणं तिथे गुन्हा आहे.

प्रश्नकर्ती: मग अंगठी नको. गोष्ट मात्र आज रात्रीच सांगते.