दाजी पेठेतल्या जुन्या घराचा पोटमाळा राहण्याजोगा करता येईल का?

दाजीपेठकर

नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापुरात दाजी पेठेत आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. भिंती दगड-मातीच्या, चांगल्या दीड हात रुंद. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर कडीपाटाचा, म्हणजे लाकडी तुळया-कड्या आणि फळ्यांचा, पोटमाळा, त्यावर दुपाखी पत्रा. खाली हातमाग होता तेव्हा घरातली निम्मी माणसं रात्री माळ्यावरच झोपायची, असं सासूबाई सांगतात. आता तिथं मागाच्या फण्या, धोट्यांची पेटी, तांब्याचे हंडे, गौरी-गणपतीची आरास आणि गाद्यांच्या वळकट्या आहेत.

थोरली मुलगी यंदा अकरावीला. तिला अभ्यासाला कोपरा नाही. धाकटा टीव्ही लावतो, सासूबाईंचं औषधपाणी, पाहुणारावळा, सगळं त्याच दोन खोल्यांत. दुसरीकडं फ्लॅट घ्यायची आमची ऐपत नाही, आणि पेठ सोडायची इच्छाही नाही. म्हणून माळा नीट करून तिथं एक खोली काढायचा विचार आहे.

मापं अशी: माळा १२ फूट रुंद, २२ फूट लांब. आढ्याखाली उंची साडेआठ फूट, कडेला भिंतीपाशी जेमतेम चार फूट. खालच्या खोलीची उंची नऊ फूट. चढायला लोखंडी उभी शिडी आहे. एक फॅब्रिकेशनवाले बघून गेले. म्हणाले, फळ्यांवर कोबा करून फरशी टाकू, पत्र्याखाली थर्माकोल आणि पीओपी मारू, पंधरा दिवसांत खोली तयार. मला ते इतकं सोपं वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी वर पाच मिनिटं उभं राहवत नाही. कुणी असं काम केलं असेल तर सांगा, कशापासून सुरुवात करावी?

निवृत्त ओव्हरसियर

ताई, तुम्ही घाई केली नाहीत हे फार बरं झालं. पेठांमधली अशी घरं मी बरीच पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फरशीचा विचार आधी डोक्यातून काढा. दोन इंच कोबा आणि वर फरशी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलोहून जास्त कायमचं ओझं. राहत्या खोलीत माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला २०० किलो धरायचे असतात, ते वेगळे. तुमचा कडीपाट वळकट्या आणि हंडे पेलतोय याचा अर्थ तो पलंग, कपाट, पुस्तकं आणि वर कोबा पेलेल असा होत नाही. जमीन लाकडाचीच ठेवा. फळ्या खराब असतील तर त्यावर १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय किंवा सिमेंट बोर्ड स्क्रूनं बसवता येतो.

सुरुवात तुळयांपासून करा. तुळई मधे सहसा कुजत नाही, भिंतीत शिरते तिथं कुजते, कारण ओल तिथंच मुरते आणि वाळवीलाही तीच जागा सापडते. प्रत्येक टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. सागवान चांगलं असेल तर टोक रुतत नाही, आवाज टणक येतो. मग खालून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणून मधला झोल मोजा. बारा फुटी तुळई अर्ध्या-पाऊण इंचाहून जास्त लवली असेल तर तिला आधार दिल्याशिवाय वर वजन वाढवू नये.

आता उंची. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीत राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची लागते. उतरतं छप्पर असेल तर सरासरी तेवढी, आणि कडेला किमान २.१ मीटर. तुमची सरासरी निघते सव्वासहा फूट, म्हणजे १.९ मीटर. नियमानं आज ही खोली होत नाही, सामानाचा माळाच राहतो. पण छप्पर तीन फूट उचललं तर कडेला सात फूट मिळतात आणि सरासरी सव्वानऊ फूट, म्हणजे २.८ मीटर. दोन्ही मापांत बसतं. त्यासाठी पत्रा काढावाच लागणार, तर हिशेब तिथूनच मांडा. मात्र याला महापालिकेची परवानगी लागते, आणि नकाशा परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टनंच काढायला हवा. परवानगीशिवाय करू नका. पुढं विक्री, वाटणी, कर्ज, सगळीकडं ते आडवं येतं.

आणि ज्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसलो, ते हे. त्या दगड-मातीच्या भिंतींवर तीन फूट नवी वीट चढवू नका. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपल्यालाही पहाटे हादरे बसले होते. तिथं माणसं दगावली ती बहुतेक अशाच घरांत. मातीत रचलेले दगड सुटले आणि माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, मणामणानं माती वरून खाली आली. एरवी हीच माती मे महिन्यात घर थंड ठेवते, तिला नावं ठेवत नाही, पण जड छप्पर आणि सुटी भिंत ही जोडी वाईट. तुमच्याकडं पत्रा आहे, म्हणजे छप्पर हलकं आहे. ते हलकंच राहू द्या. नवं छप्पर लोखंडी खांबांवर घ्या, आणि खांब जुन्या भिंतीवर न टेकवता खाली स्वतःच्या पायावर उभे करा. पाया काळ्या मातीत सोडू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खोदा.

जिन्याला जागा किती सोडणार? नऊ फूट उंची अधिक माळ्याची जाडी धरली तर साडेसात इंचाच्या पंधरा पायऱ्या होतात. पाय ठेवायला दहा इंच धरले तर सरळ जिन्याला जवळजवळ बारा फूट लांबी लागते. मधे वळण घेतलं तर कोपऱ्यात बसेल. पोरगी रोज पुस्तकं घेऊन चढ-उतार करणार असेल तर ती उभी शिडी नको.

अक्कलकोट रोडवरचा

ताई, आमचं घर तुमच्यासारखंच पत्र्याचं. वर भाऊ झोपतोय, म्हणून उन्हाचं तेवढं सांगतो. बाकी काकांनी लिहिलेलं सोळा आणे खरं हाय.

थर्माकोल-पीओपी लावू नका बगा. पत्रा तापतोय, मधली हवा तापती, आणि रात्री बारा वाजले तरी ती खोली धगधगतीच. आम्ही जुना पत्रा काढून ५० मिलिमीटरचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेलं) टाकलं, वरनं पांढरं. दुपारी हात लावला की फरक लगेच कळतोय. पावसाचा ताडताड आवाज पण गेला.

पण पॅनल टाकलं म्हणून काम संपत नाही की ओ. गरम हवा आढ्यापाशी जाऊन बसती, तिला बाहेर काढायला पाहिजे. आम्ही दोन्ही त्रिकोणी भिंतींत वर, आढ्याच्या अगदी खाली, जाळीची झडपं ठेवली, आणि पश्चिमेला खाली एक खिडकी. संध्याकाळी वारा सुटला की खालनं आत, वरनं बाहेर. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरनं बांबूची चटई सोडायला लागती, नाहीतर चार वाजता ऊन सरळ टेबलावर. कूलर आपल्याकडं लै चांगला चालतोय, उन्हाळ्यात हवा कोरडी असती ना. फक्त त्याच्या समोरची खिडकी उघडी पाहिजे, कोंडून घेतलं की नुसती चिकचिक. आणि पाणी रोज येत नसतंय, तेव्हा कूलरसाठी वर वेगळी टाकी धरा.

काम दिवाळीनंतर काढा, गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आत छप्पर बंद झालं पाहिजे. जूनमध्ये पत्रा काढून बसू नका, आणि सप्टेंबरात तर अजिबात नको, आपल्याकडं खरा पाऊस तेव्हाच पडतोय.

वायरमन, होटगी रोड

दोन गोष्टी राहिल्या. पफ पेटलं की धूर विषारी होतो, म्हणून त्याला टेकून उघडी वायर नेऊ नका. सगळी वायर पाइपमधून. माळ्याचं सर्किट वेगळं काढा, त्याला आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि व्यवस्थित अर्थिंग. पत्रा, लोखंडी खांब आणि जिना हे सगळंच लोखंड. कुठं वायर सोलली तर पूर्ण सांगाड्यात करंट उतरतो. गाद्या आणि सूत वर ठेवणार असाल तर बोर्डापासून लांब ठेवा. खिडकी एवढी मोठी असू द्या की वेळ पडली तर मुलगी तिथून बाहेर पडेल.

दाजीपेठकर

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांना घेऊन आज तुळया तपासल्या. पाच तुळया आहेत. चार चांगल्या, टोचलं तर टणक. पश्चिमेकडच्या शेवटच्या तुळईचं भिंतीतलं टोक मात्र मऊ लागलं, स्क्रू-ड्रायव्हर इंचभर आत गेला आणि भुसा गळाला. त्याच जागी पत्र्याची पन्हळ गळते. मागाच्या फण्यांची आणि हंड्यांची रास नेमकी त्याच तुळईवर आहे. खाली सासूबाईंचा पलंग. ती तुळई काढून नवी घालावी का?

निवृत्त ओव्हरसियर

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा. आज रात्री आजींचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा. वर दोघांपेक्षा जास्त माणसांनी जाऊ नका, फळीच्या मधोमध न चालता चांगल्या तुळयांच्या रेषेवरून चाला, आणि त्या कोपऱ्यातलं सामान एकेक करून उतरवा. आधी हंडे, मग फण्या. सामान उतरलं की त्या टोकाखाली भिंतीपासून फूटभर अंतरावर लोखंडी टेकू लावा. सेंट्रिंगवाल्यांकडं भाड्यानं मिळतो. वर आणि खाली जाड फळीचा तुकडा द्या, म्हणजे टेकू रुतणार नाही.

तुळई काढायची गरज बहुधा पडणार नाही. कुजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल लावून बोल्टनं आवळतात आणि चॅनलचं टोक भिंतीत पक्क्या दगडावर टेकवतात. चॅनल केवढा, बोल्ट किती, हे इंजिनिअरला जागेवर बघूनच ठरवू द्या. पन्हळ मात्र याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. ओल थांबली नाही तर नवं लाकूडही तिथंच जाईल. आणि त्या फॅब्रिकेशनवाल्यांना आगाऊ रक्कम दिली नसेल तर इंजिनिअर येऊन जाईपर्यंत देऊ नका.